शिकागोत उत्तम हॉट डॉग कुठे आणि कसा खावा : नव्याने आलेल्यांसाठी मार्गदर्शन

शिकागोत शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी नव्याने आलेल्या माणसाला इथले सहकारी आधी हिवाळ्याबद्दल सावध करतात आणि लगेच हॉट डॉग कुठे खावा हेही सांगू लागतात. अडचण अशी, की दहा जणांना विचारले तर दहा दुकानांची नावे मिळतात आणि प्रत्येक जण आपल्या नावावर अडून बसतो. यात कोणी खोटे बोलत नसते. या शहरात एकाच नावाखाली चार-पाच निरनिराळे पदार्थ विकले जातात आणि माणूस ज्या भागात वाढला, तिथला प्रकार त्याला खरा वाटतो. म्हणून दुकानांची यादी घेऊन वणवण करण्यापेक्षा आधी प्रकार समजून घ्यावेत आणि मग त्या त्या प्रकारातले चांगले दुकान गाठावे, हा क्रम सोयीचा पडतो. खाली तोच क्रम धरला आहे.

पहिली पायरी : मांस कोणते, हे आधी जाणून घ्यावे

शिकागोतला हॉट डॉग गोमांसाचा असतो. दुकानाच्या पाटीवर ‘ऑल बीफ’ किंवा ‘प्युअर बीफ’ असे अभिमानाने लिहिलेले असते आणि त्यात लपवाछपवी अजिबात नसते. तरीही, मुंबई-पुण्यात चिकन सॉसेज खाण्याची सवय असलेली माणसे इथेही तेच असेल असे धरून चालतात आणि नंतर हळहळतात. आणखी एक गोष्ट लक्षात घ्यावी. महाराष्ट्रात गाईबरोबरच बैल आणि वळू यांच्या कत्तलीवरही २०१५ पासून बंदी असल्यामुळे तिथे उघडपणे मिळणारे ‘बीफ’ म्हणजे म्हशी-रेड्याचे मांस असते. अमेरिकेत बीफ म्हणजे गाई-बैलांचेच मांस. तिकडे चालत होते म्हणून इकडेही चालेल, असे ज्यांच्या बाबतीत नाही, त्यांनी हा फरक मागणी नोंदवण्यापूर्वीच ध्यानात ठेवावा.

डुकराचे मांस न खाणाऱ्यांनी वेगळी काळजी घ्यावी. नेहमीचा हॉट डॉग बीफचा असला, तरी त्याच दुकानात मिळणाऱ्या ‘पोलिश’ या जाड सॉसेजमध्ये गोमांस आणि डुकराचे मांस एकत्र असू शकते. शिवाय सॉसेजवर जे नैसर्गिक आवरण असते ते जनावराच्या आतड्याचे असते. हॉट डॉगसाठी सहसा मेंढीचे आतडे वापरतात, जाड सॉसेजसाठी डुकराचेही वापरले जाते. काउंटरवरच्या माणसाला सरळ विचारावे. हा प्रश्न त्याला नवा नसतो. आणि हलाल मांसच हवे असेल, तर साध्या दुकानात ‘बीफ आहे’ एवढ्या उत्तरावर समाधान मानू नये.

शाकाहारी वाचकांनी इथेच लेख बाजूला ठेवण्याचे कारण नाही. पोर्टिलोज या शिकागोच्या मोठ्या साखळीने २०२२ मध्ये ‘गार्डन डॉग’ नावाचा वनस्पतीजन्य सॉसेजचा हॉट डॉग आणला, आणि त्यावर भाज्या व चटण्या नेहमीच्या शिकागो पद्धतीनेच येतात. मात्र कडक शाकाहार पाळणाऱ्यांनी दोन प्रश्न विचारायला संकोचू नये. हे सॉसेज मांसाच्या सॉसेजबरोबर एकाच तव्यावर गरम होते का, आणि फ्रेंच फ्राइज कशात तळतात? अमेरिकेत काही ठिकाणी बटाटे गोमांसाच्या चरबीत तळण्याची पद्धत आहे आणि फलकावर ते लिहिलेले असेलच असे नाही.

दुसरी पायरी : शिकागो पद्धतीचा हॉट डॉग ओळखायला शिकावे

१८९३ साली शिकागोत कोलंबियन जागतिक प्रदर्शन भरले. त्याच्याच जोडीने भरलेल्या सर्वधर्मपरिषदेत स्वामी विवेकानंदांचे भाषण झाले, त्यामुळे ते साल मराठी वाचकाच्या ओळखीचे आहे. त्याच प्रदर्शनात ऑस्ट्रिया-हंगेरीतून आलेल्या एमिल राइशेल आणि सॅम्युएल लादानी या दोघांनी बीफची सॉसेजेस विकली, आणि त्यातून पुढे ‘व्हिएन्ना बीफ’ ही कंपनी उभी राहिली. आजही शहरातल्या असंख्य लहान दुकानांच्या काचेवर या कंपनीची पाटी दिसते. अनोळखी भागात भूक लागली, तर ही पाटी पाहून आत शिरणे हा बऱ्यापैकी सुरक्षित मार्ग आहे, कारण निदान सॉसेज चांगले असण्याची खात्री असते. बाकीचे दुकानदाराच्या हातात.

गोमांसच का, याचे उत्तर शहराच्या इतिहासात सापडते. १८६५ ते १९७१ या काळात शिकागोच्या दक्षिण भागात युनियन स्टॉक यार्ड्‌स हा गुरांचा अवाढव्य बाजार होता आणि मांसाचा तुटवडा या शहराला ठाऊकच नव्हता. दुसरीकडे मॅक्सवेल स्ट्रीटच्या बाजारात पूर्व युरोपातून आलेल्या ज्यू विक्रेत्यांची आणि गिऱ्हाइकांची गर्दी होती, आणि त्यांना डुक्कर वर्ज्य. महामंदीच्या काळात याच बाजारात ‘फ्लूकीज’ नावाच्या गाड्यावर पाच सेंटांत भाज्या घातलेला हॉट डॉग मिळू लागला. स्वस्तात पोट भरेल असे काही हवे होते आणि भाजी मांसापेक्षा स्वस्त होती, हे त्यामागचे साधे गणित.

पूर्ण सजवलेल्या हॉट डॉगमध्ये सात गोष्टी येतात, आणि त्या घालण्याचा एक क्रम असतो. काउंटरपाशी उभे राहून तो पाहण्यासारखा असतो. कारागीर वाफेच्या पेटीतून खसखस लावलेला बन काढतो, तळहातावर उघडतो, गरम पाण्यातले सॉसेज चिमट्याने उचलून त्यात ठेवतो आणि त्यावर टोकापासून टोकापर्यंत पिवळ्या मोहरीच्या सॉसची एक रेघ ओढतो. मग डोळ्यांना खुपेल इतके हिरवेगार गोड रेलिश, म्हणजे मुरवलेल्या काकडीची बारीक चटणी, येते. हा रंग काकडीचा नव्हे, त्यात घातलेल्या खाद्यरंगाचा. त्यानंतर बारीक चिरलेला पांढरा कांदा, एका कडेला टोमॅटोच्या अर्धगोल फोडी, दुसऱ्या कडेला व्हिनेगरमध्ये मुरवलेल्या काकडीची लांब फाक, वर ‘स्पोर्ट पेपर’ नावाच्या दोन लहान मिरच्या आणि शेवटी चिमूटभर सेलरी सॉल्ट. हे सेलरी सॉल्ट म्हणजे आपल्याकडच्या अजमोद्याच्या जातीच्या बियांची पूड मिसळलेले मीठ, आणि माझ्या मते सगळ्या खटाटोपातली सर्वांत महत्त्वाची वस्तू हीच आहे. ती विसरली गेली, तर हॉट डॉग नुसता गोड-आंबट लागतो. हे सगळे होईपर्यंत अर्धे मिनिटही जात नाही. लगेच मेणकागदात गुंडाळी होते आणि पुढच्या माणसाला हाक जाते.

चांगल्या-वाईटाची पारख करण्यासाठी तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली म्हणजे सॉसेजचे आवरण. नैसर्गिक आवरणाचे सॉसेज चावताना कट्‌कन तुटते आणि आतला रस तोंडात येतो. याला इथे ‘स्नॅप’ म्हणतात आणि जुने खवय्ये त्यावरूनच दुकान बाद करतात. यासाठी सॉसेज खळखळ उकळत्या पाण्यात न ठेवता, उकळीच्या खालच्या तापमानाच्या पाण्यात ठेवावे लागते, नाही तर आवरण फाटते, चरबी आणि चव पाण्यात उतरते आणि आत उरतो तो चोथा. सॉसेज फिकट, सुरकुतलेले किंवा फुटलेले दिसले, तर ते सकाळपासून पाण्यात पडून आहे असे समजावे. दुसरी गोष्ट बन. तो गरम, ओलसर आणि मऊ असावा, पण हातात घेताच विरघळू नये. शहरात एस. रोझेन्स या जुन्या बेकरीचे खसखशीचे बन फार चालतात आणि ते वाफेला चांगले टिकतात. खसखस नसलेला, थंड, पांढरा बन देणारे दुकान शिकागो पद्धतीचा दावा करत असेल, तर त्याच्याकडे दुसऱ्यांदा जाण्याची गरज नाही. तिसरी गोष्ट म्हणजे प्रमाण. भाज्यांचा ढीग म्हणजे उदारपणा असे नवख्याला वाटते. प्रत्यक्षात प्रत्येक घासात सॉसेज आणि किमान तीन-चार चवी एकत्र आल्या पाहिजेत.

स्पोर्ट पेपर या मिरचीबद्दल स्वतंत्रपणे सांगितले पाहिजे, कारण भारतीय माणूस तिला हमखास कमी लेखतो. ती आकाराने लवंगी मिरचीएवढी, व्हिनेगरमध्ये मुरलेली आणि मध्यम तिखट असते. तिखटाने नव्हे, तर चावल्यावर आतून उडणाऱ्या व्हिनेगरच्या पिचकारीने ठसका लागतो. पांढरा सदरा घालून गेला असाल, तर आधी तिचे देठाकडचे टोक चावून घ्यावे.

तिसरी पायरी : पत्ते वाचायला शिकावे

शिकागोचे रस्ते चौकटीत आखलेले आहेत. स्टेट आणि मॅडिसन हे दोन रस्ते जिथे छेदतात तो शून्य बिंदू मानून तिथून चारी दिशांना क्रमांक वाढत जातात, आणि ८०० क्रमांकांचा एक मैल धरतात. हे एकदा समजले की पत्ता वाचताच अंतर कळते. भारतीय दुकानांसाठी प्रसिद्ध असलेला डेव्हन रस्ता ६४०० उत्तर या रेषेवर आहे आणि पीटरसन रस्ता ६००० उत्तरेवर. म्हणजे दोघांत अर्धा मैल, चालत दहा-बारा मिनिटे. पुढे सांगितलेल्या दुकानांपैकी निम्मी उपाहारगृहे पर्यटकांच्या भागापासून दूर आहेत, म्हणून हे गणित कामाला येते. बस आणि ‘एल’ या शहरी रेल्वेसाठी व्हेंट्रा कार्ड घेऊन ठेवावे. ते शहराच्या आणि उपनगरांच्या अशा दोन्ही बससेवांत चालते.

चौथी पायरी : प्रकारानुसार दुकान निवडावे

पूर्ण सजवलेल्या, नमुनेदार हॉट डॉगपासून सुरुवात करणे उत्तम, कारण बाकीच्या प्रकारांत काय गाळले आहे हे त्यानंतरच कळते. त्यासाठी मराठी माणसाला सर्वांत सोयीचे दुकान म्हणजे २७३४ पश्चिम पीटरसन इथले ‘वोल्फीज’. महिन्याचे वाणसामान आणायला डेव्हनवर जाणे होतेच. पिशव्या गाडीत ठेवून तिथून दक्षिणेकडे चालत गेले, तरी हे दुकान गाठता येते. काट्याला टोचलेल्या भल्यामोठ्या हॉट डॉगची त्याची पाटी दुरून दिसते. सजावट साधी, बसायला जागा आणि सातही गोष्टी योग्य प्रमाणात. पहिल्यांदा खाणाऱ्याला मी इथेच पाठवेन.

त्यानंतर ‘सुपरडॉग’. डेव्हन, मिलवॉकी आणि नेगल हे तीन रस्ते एकत्र येतात त्या कोपऱ्यावर मॉरी आणि फ्लॉरी बर्मन या दांपत्याने १९४८ मध्ये हे दुकान सुरू केले आणि ते आजही त्याच कुटुंबाकडे आहे. छतावर हॉट डॉगच्या आकाराची दोन उंच बाहुली उभी आहेत, एक पुरुष आणि एक स्त्री, आणि रात्री त्यांचे डोळे मिचकतात. गाडी खुणेच्या जागेत लावायची, शेजारच्या ध्वनिपेटीतून मागणी सांगायची आणि गाडीतच बसून राहायचे. कर्मचारी तबक आणून खिडकीला अडकवतो. हॉट डॉग डबीत, नागमोडी कापलेल्या फ्राइजच्या गादीवर झोपवलेला येतो आणि त्यात ताज्या टोमॅटोऐवजी मुरवलेला हिरवा टोमॅटो असतो. शुद्धतेचा आग्रह धरणारे यावर नाक मुरडतात. मला तो हिरवा टोमॅटो नेहमीच्या टोमॅटोपेक्षा बरा वाटतो, विशेषतः हिवाळ्यात, जेव्हा अमेरिकेतल्या ताज्या टोमॅटोला रंगाखेरीज काही उरलेले नसते. गाडी नसेल, तर ब्लू लाइनने जेफरसन पार्क स्थानकापर्यंत यावे आणि तिथून पेस या उपनगरी बससेवेची मिलवॉकी रस्त्याने उत्तरेकडे जाणारी २७० क्रमांकाची बस घ्यावी.

आता दुसरा प्रकार, ज्याला ‘डिप्रेशन डॉग’ किंवा ‘मिनिमलिस्ट’ म्हणतात. यात टोमॅटो नाही, काकडीची फाक नाही, सेलरी सॉल्टही नाही. मोहरी, रेलिश, कांदा, मिरच्या, आणि वर ताज्या बटाट्याच्या गरम फ्राइजचा ढीग टाकून सगळे एकाच कागदात घट्ट गुंडाळतात. त्या गुंडाळीत फ्राइजची वाफ बनमध्ये मुरते, काही फ्राइज मऊ पडून सॉसेजला चिकटतात, काही कुरकुरीत राहतात, आणि मोहरी त्या सर्वांना लागते. पहिल्यांदा हे पाहणाऱ्याला गबाळे वाटते. पण शिकागोत एकच हॉट डॉग खाण्याइतका वेळ असेल, तर तो याच प्रकारातला आणि रिव्हर ग्रोव्ह उपनगरातल्या ‘जीन अँड ज्यूड्‌स’ इथला असावा, असे माझे स्पष्ट मत आहे. १९४६ पासूनच्या या धंद्याचा फलक इतका आखूड आहे की तो वाचायला वेळ लागत नाही: एक सॉसेजचा हॉट डॉग, दोन सॉसेजचा हॉट डॉग, टमाले (मांस भरलेली मक्याच्या पिठाची वळकटी), फ्राइज आणि पेये. बसायला खुर्च्या नाहीत, केचप नाही. समोरच कर्मचारी आख्खे बटाटे यंत्रात दाबून त्यांच्या काड्या पाडत असतात आणि त्या थेट कढईत जातात. रांग दारापर्यंत दिसली तरी परत फिरू नये, ती भराभर सरकते. काउंटरपाशी पोहोचल्यावर मात्र विचार करत उभे राहू नये. ‘सिंगल’ की ‘डबल’ आणि मिरच्या हव्यात की नकोत, एवढेच सांगायचे असते. दुकान ओ’हेर विमानतळापासून गाडीने जवळ आहे, म्हणून कोणाला सोडायला किंवा आणायला जाताना वाट थोडी वाकडी करणे सहज जमते.

तिसरा प्रकार मॅक्सवेल स्ट्रीटचा पोलिश. हा काटेकोरपणे हॉट डॉग नव्हे, पण त्याला वगळून शिकागोची ओळख पुरी होत नाही. लसूण जास्त असलेले जाड सॉसेज तव्यावर भाजतात आणि बनमध्ये घालून त्यावर मोहरी, तव्यावर तपकिरी होईपर्यंत परतलेल्या कांद्याचा झुबका आणि मिरच्या देतात. १९३९ पासून चालणारे ‘जिम्स ओरिजिनल’ हे त्याचे मूळ घराणे मानले जाते. इलिनॉय विद्यापीठाच्या विस्तारात जुना बाजार उठला तेव्हा ते थोडे पूर्वेला, युनियन रस्त्यावर, महामार्गाच्या कडेला सरकले. त्या विद्यापीठाच्या शिकागो आवारात (यूआयसी) शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्यांना ते चालण्याच्या अंतरावर आहे, आणि ब्लू लाइनच्या यूआयसी-हॉल्स्टेड स्थानकावरून दक्षिणेला निघाले की परतलेल्या कांद्याच्या वासावरूनही दुकान सापडते. फ्राइज सॉसेजबरोबरच पिशवीत येतात, वेगळ्या मागाव्या लागत नाहीत. खाण्याची जागा म्हणजे दुकानाबाहेरचा कट्टा किंवा स्वतःची गाडी.

चौथा प्रकार ‘चार-डॉग’ (यातला ‘चार’ हा आकडा नव्हे, करपवणे या अर्थाचा इंग्रजी शब्द), म्हणजे पाण्यात गरम न करता जाळीवर करपवून भाजलेले सॉसेज. त्याची टोके चिरलेली असतात आणि ती भाजताना उमलून कुरकुरीत होतात. लिंकन पार्क भागात २६२२ उत्तर क्लार्क इथले ‘द वीनर्स सर्कल’ यासाठी नावाजलेले आहे आणि क्लार्क रस्त्यावरून जाणारी २२ क्रमांकाची बस जवळच सोडते. या दुकानाची दुसरी ख्याती अशी, की उशिरा रात्री, विशेषतः शनिवार-रविवारच्या आगेमागे, कर्मचारी गिऱ्हाइकांना अर्वाच्य शिव्या घालतात आणि गिऱ्हाइकेही परत देतात. तो ठरवून केलेला तमाशा असतो. ज्यांना यात गंमत वाटत नाही त्यांनी, आणि मुलाबाळांसह जाणाऱ्यांनी, दिवसा जावे. पदार्थ तोच मिळतो.

दक्षिण भागात एक विचित्र वाण आहे, तेही नोंदवून ठेवतो. ‘मदर-इन-लॉ’ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या पदार्थात सॉसेजऐवजी टमाले, म्हणजे आत मसालेदार मांस भरलेली मक्याच्या पिठाची यंत्रावर केलेली वळकटी, बनमध्ये ठेवून तिच्यावर दाट चिली, म्हणजे खिम्याचा मसालेदार रस्सा, ओततात. ब्रिजपोर्टमधील ३५व्या रस्त्याच्या आणि मॉर्गनच्या कोपऱ्यावरचे ‘जॉनी ओज’ त्यासाठी प्रसिद्ध आहे. इलिनॉय इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या विद्यार्थ्यांना ३५व्या रस्त्याने पश्चिमेला सुमारे सव्वा मैल जावे लागते. मॉर्गन १००० पश्चिमेवर आहे, त्यावरून हिशेब करून पाहावा. पिठात पीठ असा हा प्रकार जड असतो, आणि एकाने संपवण्यापेक्षा दोघांत घ्यावा.

नेपरव्हिल, शॉमबर्गसारख्या उपनगरांत राहणाऱ्या कुटुंबांना रोज शहरात जाणे शक्य नसते. त्यांच्यासाठी पोर्टिलोजच्या शाखा जवळ आहेत. १९६३ मध्ये डिक पोर्टिलो यांनी व्हिला पार्कमध्ये एका लहानशा ट्रेलरमधून हा धंदा सुरू केला. आज ती मोठी साखळी असल्यामुळे जुने शिकागोकर तिला तुच्छ लेखतात, पण चारचौघांत एक जण शाकाहारी, एक जण बीफ न खाणारा आणि दोन लहान मुले असतील, तर स्वच्छ बैठक, लांबलचक यादी आणि गार्डन डॉग या तिन्ही गोष्टी एका जागी मिळण्याला किंमत आहे. शहरात मुक्कामाला आलेल्या पाहुण्यांसाठी तिची ओंटारिओ आणि क्लार्कच्या कोपऱ्यावरची शाखा मध्यवर्ती पडते.

जुन्या शिफारशींवर विसंबताना एक सावधगिरी ठेवावी. ‘हॉट डग्ज’ हे दुकान अनेक जुन्या याद्यांत पहिल्या क्रमांकावर दिसते. बदकाच्या चरबीत तळलेले फ्राइज आणि तऱ्हेतऱ्हेची सॉसेजेस यांसाठी लोक तिथे तासन्‌तास रांग लावत. पण मालकाने ते २०१४ मध्ये बंद केले. लहान दुकाने सोमवारी किंवा रविवारी बंद असू शकतात, हिवाळ्यात वेळ कमी करतात, म्हणून निघण्यापूर्वी त्या दिवशीची वेळ तपासावी.

पाचवी पायरी : मागणी कशी करावी

‘वन हॉट डॉग, एव्हरीथिंग’ एवढे तीन-चार शब्द पुरतात. एव्हरीथिंग म्हणजे वरच्या सातही गोष्टी, किंवा त्या दुकानाच्या पद्धतीत ज्या असतील त्या. काही नको असेल, तर तेवढेच नाव घेऊन सांगावे. कांदा-लसूण न खाणाऱ्यांनी कांदा वगळायला सांगितला, तरी बीफ आणि गार्डन डॉग या दोन्ही सॉसेजच्या मसाल्यात लसूण असण्याची शक्यता धरून चालावे. भाज्यांचा भरपूर साज असलेल्या हॉट डॉगला ‘बागेतून ओढून काढलेला’ असे इंग्रजीत गमतीने म्हणतात, पण काउंटरवर तसे बोलून दाखवणारा माणूस पर्यटक आहे, हे लगेच कळते.

केचप मागू नये. हा विनोद नाही, निदान पूर्णपणे नाही. रेलिशमध्ये साखर आहे, टोमॅटो आधीच आहे, आणि केचपची गोडी मोहरी-मिरचीची धार बोथट करते, असे त्यामागचे कारण सांगतात. अमेरिकेच्या हॉट डॉग उत्पादकांच्या मंडळाने आपल्या शिष्टाचारांत अठरा वर्षांनंतर हॉट डॉगवर केचप घालू नये, असे लिहूनच ठेवले आहे. २०१७ मध्ये हाइन्झ कंपनीने आपले नेहमीचे केचप ‘शिकागो डॉग सॉस’ अशा नावाने बाटलीत भरून शिकागोकरांना चाखायला देऊन पाहिले, त्यावरून या हट्टाची कल्पना यावी. लहान मुलाला केचप हवेच असेल, तर ते फ्राइजबरोबर वेगळे मागावे; त्याला बहुतेक ठिकाणी कोणी हरकत घेत नाही.

सहावी पायरी : पैसे, वेळ आणि खाण्याची रीत

फलकावरच्या किमतीत कर धरलेला नसतो. शिकागोत उपाहारगृहातल्या खाण्यावर दहा टक्क्यांहून अधिक विक्रीकर लागतो, म्हणून हिशेब करताना तेवढी भर धरावी. काउंटरवर टिपेसाठी बरणी ठेवलेली असते आणि त्यात एखादा डॉलर टाकण्याची रीत आहे. सुपरडॉगसारख्या ठिकाणी खिडकीशी तबक आणणाऱ्याला मात्र टीप द्यावीच. जुनी दुकाने कार्ड घेतीलच असे नाही. खिशात वीस डॉलर रोख असू द्यावेत.

दुपारी बाराच्या सुमारास गेल्यास रांग लांब असते, पण सॉसेज ताजे मिळते, कारण माल भराभर खपत असतो. दुपारी तीन-चारच्या शांत वेळेत रांग नसते आणि नेमक्या त्याच वेळी पाण्यात तासभर पडलेले सॉसेज पदरी पडण्याचा धोका अधिक. गर्दीच्या वेळेच्या थोडे आधी जाणे हा मधला मार्ग.

हॉट डॉग घरी नेण्यासाठी बांधून घेऊ नये. वाफवलेला बन कागदात दहा मिनिटांत ओला होतो, टोमॅटो पाणी सोडतो आणि फ्राइज लोळागोळा होतात. पुन्हा मायक्रोवेव्हमध्ये गरम केल्यास बन चिवट होतो आणि सॉसेजचे आवरण फुटते. खाताना कागद एकदम काढून टाकू नये, टोकाकडून थोडा थोडा सोलत जावे, म्हणजे भाज्या मांडीवर पडत नाहीत. काटा-चमचा वापरत नाहीत. जानेवारीत बाहेर उणे पंधरा अंश तापमान असताना उघड्या कट्ट्यावर उभे राहून खाण्याचे धाडस करण्याऐवजी गाडीत बसावे आणि काच दोन बोटे खाली ठेवावी. कांदा आणि व्हिनेगरचा वास नाही तर आठवडाभर गाडीत राहतो.